पेण ते रोहें : एका यंत्राचा विग्रह

पेण हें गांव प्रवाशांस बहुधा दोन कारणांनीं ठाऊक असतें. मुंबईहून कोंकणांत उतरतांना कर्नाळ्याची खिंड व खारपाड्याचा पूल मागें टाकला म्हणजे जें पहिलें मोठें गांव लागतें तें हें, हें एक कारण. आणि दुसरें अर्थातच गणपतीच्या मूर्ति. पेणेस आणि जवळच्या हमरापूर, जोहें ह्या गांवीं वर्षाचे बाराहि महिने गणपति घडत असतात. माघांत जावें तर ओसरीओसरीवर बिनरंगाच्या मूर्ति ओळीनें वाळत ठेवलेल्या दिसतात, आणि श्रावणांत जावें तर डोळ्यांची रेखणी करणाऱ्या कारागिरास मान वर करून बोलावयासहि सवड नसते. ह्याच तालुक्यांतील गागोदें येथें १८९५ सालीं विनोबांचा जन्म झाला, हें मात्र मुद्दाम सांगावें लागतें.

रोहें त्या मानानें शांत. कुंडलिकेच्या कांठचें, धावीर महाराजांच्या पालखीचा अभिमान बाळगणारें, पांडुरंगशास्त्री आठवले यांचें १९२० सालचें जन्मगांव. मध्य रेल्वेचा मार्ग येथें संपतो आणि मंगळुराकडे जाणारी कोंकण रेल्वे येथून सुरू होते. ती १९९८ च्या जानेवारींत सबंध खुली झाली. ह्या दोन गांवांमधील रस्ता चाळीस-एक किलोमीटरांचा. माझें मूळ घर पेणेस, आणि नोकरी सारी रोह्यास. त्यामुळें हा रस्ता मीं एस्. टी.नें, आगगाडीनें, स्कूटरवर आणि वडील बंधूंच्या मोटारींतून इतक्या वेळां तुडविला आहे कीं, डोळे मिटले तरी कोणतें वळण आलें तें सांगूं शकेन. परंतु गेल्या माघांत ह्या रस्त्यानें जो प्रवास घडला तसा पूर्वीं कधीं घडला नव्हता. त्या वेळीं माझ्या सोबतीस टेंपोच्या हौद्यांत गोणपाटावर ठेवलेलें, उघडलेलें असें एका जुन्या मोटारीचें यंत्र होतें. त्या प्रवासाची ही हकीगत आहे. आणि तींत यंत्राखेरीज आणखीहि कांहीं उघडें पडलें, म्हणूनच ती लिहावीशी वाटली.

मोटार म्हणजे दादांची प्रीमियर पद्मिनी, नोंदणी १९७८ ची. ज्या वाचकांचें बालपण त्या काळांतलें आहे त्यांस हिचें वर्णन सांगण्याचें कारण नाहीं. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत पुढें इटलीच्या फियाट अकराशें ह्या गाडीची घडण होऊं लागली, आणि सत्तरच्या दशकांत त्याच गाडीस चितोडच्या राणीवरून पद्मिनी हें नांव मिळालें. गीअरचा दांडा सुकाणूच्या खांबालाच बसविलेला. त्यामुळें पुढच्या बाकावर तिघे सुखानें बसत. नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी तेव्हां ती दारांत यावी, असा तो काळ होता. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. २००३ च्या २९ ऑक्टोबरला नोंदलेली अशी शेवटची टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उठली. आमचे दादाहि त्याच वर्षीं गेले.

त्यांच्या मागें गाडी पडवीच्या बाजूस उभी राहिली. कोंकणांत उभी राहिलेली मोटार ही चालणाऱ्या मोटारीपेक्षां लौकर मरते. एका बाजूस खाडीचें खारें वारें, मिठागरें, आणि दुसऱ्या बाजूस चार महिने अखंड पाऊस. पत्र्याचा गंज आंतून खात येतो आणि रंगावर फोड दिसेपर्यंत मागें पत्रा उरलेला नसतो. पुतण्या पुण्यास असतो. त्यानें भंगाराचा भाव आणला. कोणी सुचविलें कीं, दुसऱ्या एखाद्या नव्या गाडीचें यंत्र हींत बसवावें म्हणजे कटकट मिटेल. वहिनी मात्र म्हणाल्या, “भाऊजी, एकदां नीट पाहून तरी घ्या. होण्यासारखी नसली तर मी हट्ट धरणार नाही.” आणखीहि एक कारण होतें. मोटारीस पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें झालीं आणि ती मूळ स्वरूपांत राखलेली असली, तर तिची पुरातन वाहन म्हणून निराळी नोंद होऊं शकते, असा नियम केंद्र सरकारनें २०२१ मध्यें केला. सांगाडा, अंग किंवा यंत्र बदलून टाकलें कीं तो मान गेला. आमच्या गाडीस पन्नास वर्षें २०२८ मध्यें भरतील. तेव्हां जें आहे तेंच दुरुस्त होतें का, एवढाच प्रश्न होता. आणि त्याचें उत्तर बाहेरून मिळण्याजोगें नव्हतें.

गांवांत मिस्त्री पुष्कळ. परंतु जुन्या फियाटला हात घालणारे थोडे. ज्याच्याकडे सर्वांनीं बोट दाखविलें त्याच्या गॅरेजची पायरी आमच्या घरचें कोणी एकोणतीस वर्षें चढलें नव्हतें. त्याचे वडील हेच पूर्वीं दादांच्या गाडीचें सारें काम करीत. पुढें १९९६ सालीं कांहीं बोलाचाली झाली आणि संबंध तुटला. त्या बोलाचालीचें खरें कारण जगांत एकाच माणसाला ठाऊक आहे अशी माझी समजूत होती, आणि तो माणूस मी. असो, तें यथाक्रम येईलच.

मुलगा आतां पन्नाशीच्या घरांत आहे. मला पाहून उठला, “या गुरुजी,” म्हणून स्टूल पुसून दिलें, आणि जुन्याचा शब्दहि न काढतां दुसऱ्या दिवशीं गाडी पाहावयास आला.

प्रथम त्यानें गाडी चालू करून धूर पाहिला. वैद्य जशी जीभ पाहतो तसा मिस्त्री धूर पाहतो. काळा असेल तर पेट्रोल अधिक जळत आहे. निळा असेल तर तेल जळत आहे. पांढरा, आणि यंत्र तापल्यावरहि न थांबणारा असेल, तर पाणी आंत शिरत आहे. आमच्या गाडीचा धूर निळाहि होता आणि पांढराहि. मग चारी प्लग काढून त्यानें एकेका नळकांड्याचा दाब मोजला. पहिल्यांत ११० पौंड, दुसऱ्यांत ६०, तिसऱ्यांत ६५, चौथ्यांत १०५. नंतर प्रत्येकांत चमचाभर तेल घालून पुन्हां मोजलें. ह्यांतली युक्ति अशी कीं, दट्ट्याच्या कड्या, म्हणजे रिंगा, झिजल्यामुळें दाब जात असेल तर तेलानें ती फट क्षणभर बुजते आणि आंकडा वर चढतो. वरच्या बाजूनें दाब जात असेल तर तेलाचा उपयोग होत नाहीं. पहिला व चौथा आंकडा चढला. दुसरा व तिसरा जवळजवळ हालले नाहींत. मिस्त्री म्हणाला, “झीज चारींत आहे गुरुजी, पण मधल्या दोघांचं दुखणं वेगळं आहे. ते शेजारी शेजारी आहेत. त्यांच्यामधली भिंत गळतेय.”

चार दिवसांनीं यंत्र उघडावयास घेतलें. मी रोज स्टूल टाकून बसत असें. ज्या विद्येचें आपणांस ओ कीं ठो येत नाहीं ती दुसरा करतांना पाहणें ह्यासारखी निवृत्त शिक्षकास दुसरी शिक्षा नाहीं, आणि दुसरें सुखहि नाहीं.

सुश्रुताच्या शारीरस्थानांत प्रेताची तपासणी कशी करावी तें सांगितलें आहे. देह गवतांत अगर सालींत गुंडाळून पिंजऱ्यांत घालून वाहत्या पाण्यांत एकांतीं ठेवावा, सात रात्रींनीं बाहेर काढून वाळ्याच्या किंवा वेळूच्या कुंचल्यानें हळूहळू घांसावा, आणि त्वचेपासून एकेक थर डोळ्यांनीं पाहत आंत जावें. शास्त्रांत वाचलेलें आणि डोळ्यांनीं पाहिलेलें हीं दोन्हीं जुळलीं तरच ज्ञान पुरें झालें, असा त्या आचार्यांचा आग्रह. आमच्या मिस्त्रीनें सुश्रुताचें नांव ऐकलें असेल कीं नाहीं कोण जाणे. परंतु त्याची रीत तीच. डिझेलनें धुणें, कुंचल्यानें घांसणें, एकेक थर काढणें, आणि काढलेला प्रत्येक भाग जेथें होता त्याच क्रमानें मांडणें. टॅपेटच्या आठ काड्या, ज्यांस तो पुशरॉड म्हणतो, त्या एका पुठ्ठ्याला आठ भोकें पाडून त्यांत क्रमानें खोंचल्या. मीं विचारलें, “साऱ्या सारख्याच तर दिसतात?” तो म्हणाला, “दिसतात. पण चाळीस वर्षं एकमेकांबरोबर घासून ज्याची त्याची जोडी जमलेली असते. अदलाबदल झाली की दोन्ही कुरकुरतात.”

वरचें झांकण, म्हणजे हेड, काढतांना त्यानें बोल्ट एकदम सोडले नाहींत. बाहेरच्यापासून सुरुवात करून, प्रत्येक थोडा थोडा, आळीपाळीनें. हेड ॲल्युमिनियमचें, त्याच्या खालचा ठोकळा ओतीव लोखंडाचा. हीं दोन द्रव्यें उष्णतेनें सारखीं वाढत नाहींत. एक मीटर लांबीचा दांडा शंभर अंश तापविला तर ॲल्युमिनियमचा सुमारें सव्वादोन मिलिमीटर वाढतो आणि ओतीव लोखंडाचा सुमारें एक. यंत्र ठराविक उष्णतेंत चालत असेल तोंपर्यंत दोघांमधील गॅसकेट हा भेद सांभाळून घेतें. यंत्रांतलें पाणी उकळून गेलें म्हणजे हेडला वाढावयाचें असतें, बोल्ट त्यास वाढूं देत नाहींत, आणि मग तें कायमचें वांकतें.

हेड वर उचलल्यावर मिस्त्री थोडा वेळ कांहीं बोलला नाहीं. खालीं एक गॅसकेट असावयाचें तेथें एकावर एक दोन होतीं, मध्यें लाखेसारख्या चिकट द्रव्याचे थर; आणि दुसऱ्या व तिसऱ्या नळकांड्यांमधील अरुंद पट्टींत दोन्हीं जळून काळीं पडलेलीं. त्यानें हेड उलटें ठेवलें, त्यावर पोलादाची सरळ पट्टी आडवी धरली, आणि पट्टीखालीं फीलर गेजचीं पातीं एकेक सरकवून पाहिलीं. मधोमध पाव मिलिमीटरचें पातें सहज गेलें. पाव मिलिमीटर म्हणजे तीन-चार केसांची जाडी. तेवढ्या फटीसाठीं कोणीतरी दोन गॅसकेटें घातलीं होतीं; म्हणजे वांकड्या दारास सरळ न करतां चिंध्या कोंबल्या होत्या.

“हे कधीं वांकलें असेल?” असें मीं विचारलें. माझा आवाज मला स्वतःलाच परका वाटला.

“ते आत पाहिल्यावर सांगतो,” तो म्हणाला.

नंतर तेलाचें कुंड उतरलें. तळाशीं डांबरासारखा गाळ, आणि त्यांत चमकणारी बारीक कीस. बेअरिंगच्या वाट्या काढल्या तों त्यांचा पांढरा थर झिजून खालचें तांबें दिसूं लागलें होतें. मीटर पांच आंकडी. दोनदां शून्यावर जाऊन पुन्हां ४१ हजारांवर आलेलें, म्हणजे गाडी २ लक्ष ४१ हजार किलोमीटर चाललेली. परंतु गाडी जितकी रस्त्यावर चालते त्याहून निराळाच प्रवास तिच्या पोटांत चाललेला असतो. ह्या यंत्रांतील दट्ट्या एका खेपेस ७५ मिलिमीटर खालीं जातो आणि तितकाच वर येतो. मिनिटास तीन हजार फेरे धरले तर तासाला सत्तावीस किलोमीटरांची येरझार, आणि तीहि दर सेकंदास शंभर वेळां थांबून! झीज होते ह्याचें नवल नव्हे. इतकीच होते ह्याचें नवल.

दट्टे बाहेर काढल्यावर त्यांच्या माथ्यावरील काजळी पुसून त्यानें मला ‘२०’ हा ठसा दाखविला. नळकांडें झिजलें म्हणजे तें कांतून मोठें करितात आणि त्यांत तितकाच मोठा दट्ट्या घालतात. हे वाढीव दट्टे इंचाच्या हजारांश वीस, चाळीस, साठ अशा मापांनीं मिळतात. मूळ माप ६८ मिलिमीटर. वीसच्या कांतकामानंतर ६८.५१. म्हणजे हें यंत्र एकदां कांतलेलें होतें. आतां त्यानें मापक घालून प्रत्येक नळकांडें वर, मध्यें आणि खालीं, तेंहि दोन दिशांनीं मोजलें. झीज सर्वांत अधिक वरच्या टोकाशीं असते, कारण तेथें ज्वाला, दाब आणि तेलाची टंचाई हीं तिन्हीं एकत्र येतात. तेथें बोटास एक काठ स्पष्ट लागतो. सर्वांत वाईट दुसरें नळकांडें. तें वीसच्या मापाहून ०.२२ मिलिमीटर रुंद झालेलें. मिस्त्रीनें पाटीवर हिशेब केला, मीं मनांत केला, आणि दोन्हीं जुळले : चाळीसच्या मापास ६९.०२ पर्यंत जातां येतें, म्हणजे झिजलेला सारा भाग निघून वर धातु उरतो. त्यानंतरहि साठचें माप शिल्लक राहील. ठोकळा तडकलेला नाहीं हें पाहण्यासाठीं त्यानें संशयाच्या जागीं पातळ तेल लावून पुसलें व वर खडू फासला; चीर असती तर आंत शिरलेलें तेल पाझरून खडूवर काळी रेघ उमटली असती. तशी ती उमटली नाहीं. मीं आयुष्यभर खडू वापरला. परंतु खडूनें खरें-खोटें इतकें स्वच्छ सांगितलेलें प्रथमच पाहिलें.

शेवटीं पुढचें साखळीवरचें झांकण काढलें. त्याच्या आंतल्या अंगास खिळ्यानें ओरखडून कांहीं लिहिलें होतें. त्यानें तें डिझेलनें पुसलें आणि उजेडांत धरलें : १२-४-९६.

“बाबांचं अक्षर,” तो म्हणाला. “काम पुरं झालं की ते आत तारीख घालायचे. बाहेर नाही, आत.”

ह्यापुढील भाग सांगतांना लेखणी अडखळते. १९९६ च्या एप्रिलांत त्याच्या वडिलांनीं यंत्र कांतून, नवे दट्टे घालून गाडी दादांच्या स्वाधीन केली, आणि बजावून सांगितलें कीं, पहिले हजार किलोमीटर हळू चालवा. नवीं कांतलेलीं अंगें एकमेकांशीं जुळेपर्यंत यंत्र अधिक तापतें. मे महिन्यांत माझ्या मेहुणीचें लग्न रोह्यास होतें. मीं गाडी मागितली. दादांनीं दिली, आणि मिस्त्रीचें सांगणें मला जसेंच्या तसें सांगितलें. गाडींत सहा माणसें, वर बिछाने, दुपारचें ऊन, आणि मुहूर्त पावणेबाराचा. नागोठण्यास अंबा नदी ओलांडून भिसे खिंडीच्या चढास लागलों तेव्हां कांटा लाल रेघेवर गेला होता. मीं तो पाहिला. थांबलों असतों तर मुहूर्त टळला असता, म्हणजे मेहुणीचा नव्हे, माझ्या मोठेपणाचा. कारण वऱ्हाड वेळेवर पोहोंचविण्याची जबाबदारी मीं घेतली होती. माथ्यावर वाफेचा लोट उठला तेव्हां उभे राहिलों, आणि घाईघाईंत तापलेल्या यंत्रावर घागरभर थंड पाणी ओतलें.

आठ दिवसांत गाडी पाणी पिऊं लागली. दादांनीं ती मिस्त्रीकडे नेली. हेड नीट आवळलेलें नाहीं, काम कच्चें केलें, असा त्यांचा समज झाला, आणि वकिलाचा समज म्हणजे निकालच. मिस्त्रीनें पदरचें गॅसकेट घालून दिलें, हेड घांसून सपाट करावें लागेल म्हणून सांगितलें; दादांना त्यांत नव्या खर्चाची युक्ति दिसली. बिलाची निम्मी रक्कम त्यांनीं अडवून ठेवली आणि गाडी दुसरीकडे नेऊं लागले. मी तेथें होतों. एक वाक्य बोललों असतों तर पुरें होतें. दादा रागावतील ह्या भयानें मीं तें आज बोलूं, उद्यां बोलूं म्हणून ठेवलें. आणि ठेवलेलें वाक्य जितकें जुनें होतें तितकें जड होतें. वर्गांत नकल करणाऱ्या मुलांस मीं कबुलीचें महत्त्व छडी हातांत घेऊन शिकवीत होतों, तीं हींच वर्षें.

पेणेहून ठोकळा, हेड आणि क्रँक रोह्याच्या बाजूस एका लेथवाल्याकडे न्यावयाचा होता. धाटावच्या औद्योगिक वसाहतीमुळें तिकडे चांगले कांतारी आहेत. टेंपोंत पुढें आम्ही दोघे बसलों. भोगावतीचें पात्र मागें पडलें. वडखळचा नाका आला, जेथून अलिबागची वाट फुटते. एका बाजूस डोलवीच्या पोलाद कारखान्याचीं धुराडीं, दुसऱ्या बाजूस खारजमिनीचीं भातखाचरें. महामार्गाच्या रुंदीकरणाचें काम २०११ सालीं सुरू झालें आणि पुढें वर्षानुवर्षें रखडलें. त्याच्या खुणा दोहों बाजूंस दिसत होत्या. नागोठण्यास महामार्ग सोडून रोह्याच्या रस्त्यास लागलों. खिंडींत पळस फुलूं लागला होता. माथ्यावर आल्यावर मीं टेंपो थांबवावयास सांगितला.

खालीं उतरून मीं त्यास ती जागा दाखविली आणि सारें सांगितलें. पाल्हाळ केला नाहीं. कारणें दिलीं नाहींत.

तो टेंपोच्या फाळक्याला हात टेकून ऐकत होता. मग म्हणाला, “बाबांना ठाऊक होतं, गुरुजी.”

मीं त्याच्याकडे पाहिलें.

“तुम्ही होता हे नाही. पण गाडी उकळली, आणि उकळल्यावर गार पाणी मारलं, हे त्यांनी हेड काढल्याबरोबर ओळखलं. लोखंड सांगतंच की. घरी येऊन म्हणाले, वकीलसाहेब स्वतः असं करणारे नाहीत; घरातल्या कोणीतरी केलंय आणि सांगितलेलं नाही. आई म्हणाली, मग सांगा त्यांना. तर म्हणाले, मी सांगितलं तर घरात भांडण लागेल. पैसे काय, आणखी कुठे मिळवीन.”

यावर बोलण्यासारखें माझ्यापाशीं कांहीं नव्हतें. थोड्या वेळानें तोच म्हणाला, “चला, लेथवाला जेवायला जाईल.”

संस्कृत शिकविणाऱ्यास शब्दांची खोड जडलेली असते. उरलेल्या वाटेवर ‘विग्रह’ हा एकच शब्द माझ्या मनांत घोळत राहिला. विग्रह म्हणजे मूर्ति. पेणेस घडते ती. विग्रह म्हणजे समासाचीं पदें सोडवून त्यांचा परस्परांशीं संबंध दाखविणें. गॅरेजांत झाला तो. आणि विग्रह म्हणजे भांडण, संधीच्या उलट. हीं तिन्हीं एकाच शब्दांत कां बसलीं असावींत ह्याचा विचार मीं मुलांसमोर कधीं केला नव्हता. समास सोडविल्यावांचून त्यांतलें दडलेलें पद हातीं लागत नाहीं, एवढें मात्र त्या दिवशीं कळलें.

रोह्यास कांतकामाला तीन दिवस लागले. हेड सपाट झालें, नळकांडीं चाळीसच्या मापाचीं झालीं, क्रँकचीं मानगटें दहा हजारांशांनीं घांसून त्यास जाड वाट्यांची जोड ठरली. १०८९ घनसेंटिमीटरचें यंत्र ह्या वाढीनें आतां ११२२ चें झालें. संध्याकाळीं मी कुंडलिकेच्या कांठीं जाऊन बसत असें. भिऱ्याच्या वीजगृहांतून सुटणारें मुळशीचें पाणी ह्या नदीला उन्हाळ्यांतहि वाहती ठेवतें. देशावरचें पाणी सह्याद्रि फोडून कोंकणांत येतें, वीज देतें आणि पुढें समुद्रास मिळतें. जें पूर्वेस जावयाचें तें पश्चिमेस गेलें, त्यासाठीं कोणाचीं घरें बुडालीं, हा इतिहास वरून पाहणाऱ्यास दिसत नाहीं. पाणी निर्मळच दिसतें.

पेणेस परत आल्यावर मीं वहिनींना सांगितलें. त्या भाजी निवडीत होत्या, निवडीतच राहिल्या. बऱ्याच वेळानें म्हणाल्या, “त्यांना सांगितलं असतंत तर रागावले असते. चार दिवस. मग स्वतःच जाऊन पैसे देऊन आले असते.” दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं दादांच्या कपाटांतली गाडीची फाइल काढली. दादा कागद फेंकीत नसत. १९९६ चें बिल होतें : सहा हजार आठशें, त्यावर दादांच्या हातचें, ‘पैकीं ३४०० दिले, बाकी काम पाहून.’ वहिनी नेसत्या लुगड्यानिशीं निघाल्या, आणि मी मागून.

मिस्त्रीनें त्यांना बसावयास खुर्ची दिली. त्याची आई आंतून आली. दोघी बायकांत काय बोलणें झालें तें मीं ऐकलें नाहीं. मी गाडीकडे पाहत उभा होतों. पैशांना तो प्रथम हात लावीना. वहिनी म्हणाल्या, “हे तुम्हांला नाहीत, तुमच्या वडिलांचे आहेत. यांचं नांव खाली राहायला नको.” तेव्हां त्यानें ३४०० रुपये घेतले, त्याहून अधिक एक रुपयाहि घेतला नाहीं. नोटा डोक्याला लावून वडिलांच्या तसबिरीमागें ठेवल्या.

यंत्र जुळवावयास आठ दिवस लागले. सोडविणें त्वरेचें, जोडणें सावकाशीचें. प्रत्येक रिंग नळकांड्यांत घालून तिच्या टोकांमधील फट मोजली. हेडचे बोल्ट ह्या वेळीं मध्यापासून बाहेर, तीन वेळां, वाढत्या जोरानें आवळले. पुढचें झांकण बसविण्यापूर्वीं त्यानें खिळा घेतला, आंत जुन्या तारखेखालीं नवी तारीख ओरखडली, आणि मला दाखवून झांकण बंद केलें.

चैत्रांत मीं वहिनींना गाडींतून रोह्यास नेलें. ताशीं चाळीसच्या वर गेलों नाहीं. मागून येणारे भोंगे वाजवीत पुढें गेले, त्यांना जाऊं दिलें. भिसे खिंडींत कांटा मध्यावर स्थिर होता. तरीहि माथ्यावर मीं गाडी सावलीस उभी केली आणि पंधरा मिनिटें थांबलों. वहिनींनीं कारण विचारलें नाहीं.

मिस्त्रीनें सांगून ठेवलें आहे कीं, पांचशें किलोमीटर झाले कीं गाडी आणावी, हेडचे बोल्ट एकदां पुन्हां आवळावे लागतील. नवें गॅसकेट दाबून बसतें, आणि पहिल्या वेळची आवळणी मग पुरेशी राहत नाहीं. आज मीटरवर ४६२ झाले आहेत.